आमवात, प्रेडनिसोलोन आणि ११ आठवड्यांचं गरोदरपण: घरच्यांनी गोळी बंद केली आहे, आता काय?

तेरेखोल_काठ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. सावंतवाडी तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. आमच्याकडे नोंद झालेल्या एका बाईबद्दल विचारायचं आहे. ओळख कळेल असं काही लिहीत नाही.

वय २९, पहिलटकरीण, आज ११ आठवडे पूर्ण, वजन ५२ किलो. आमवात म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस चार वर्षांपासून, दोन्ही मनगटं आणि बोटांची पेरं धरलेली. पूर्वी मेथोट्रेक्सेट आठवड्याला १५ मि.ग्रॅ. चालू होतं, ते तज्ज्ञांनी सांगून दिवस राहण्याच्या पाच महिने आधी बंद केलं. त्यानंतर आठ महिने प्रेडनिसोलोन १० मि.ग्रॅ. (५ सकाळी, ५ रात्री), हायड्रॉक्सिक्लोरोक्विन २०० ची गोळी दोन वेळा आणि फॉलिक ॲसिड ५ मि.ग्रॅ. असं सुरू आहे.

मागच्या आठवड्यात घरी कळलं की ती गोळी 'स्टेरॉइड' आहे. सासूबाई म्हणाल्या, "ही गोळी पोराक बाधतली." झालं, तीन दिवसांपासून प्रेडनिसोलोन पूर्ण बंद. आज घरभेटीला गेले तर बाई अंथरुणावरच. अंग गळून गेलंय, मळमळतंय, उभं राहिलं की गरगरतं. बीपी ९४/६०. मनगटं सुजलेली, सकाळी पेजेची वाटीसुद्धा दोन हातांनी धरता येत नाही. नवरा म्हणतो, गरोदरपणात असं होतंच.

त्यात भर म्हणजे, मागच्या महिन्यात दुकानात प्रेडनिसोलोन नव्हतं म्हणून 'तेच आहे' असं सांगून डिफ्लाझाकॉर्ट ६ च्या गोळ्या दिल्या होत्या. त्यातली अर्धी पट्टी अजून घरात आहे.

मला हवं आहे ते असं: गोळी परत सुरू करायची का, किती? बाळाला खरंच काय होऊ शकतं, घरच्यांना काय सांगू? डिफ्लाझाकॉर्ट चालेल का? आणि पुढे कोणत्या तपासण्या वाढवायच्या? सांध्यांचे तज्ज्ञ घाट चढून कोल्हापूरला किंवा खाली गोव्याला. पाऊस सुरू झाला की दर महिन्याला जाणं तिला जमणार नाही.

---

वातविकार_ओपीडी

ताई, बाकीचं नंतर वाचा. आधी हे करा.

ती गोळी आजच परत सुरू व्हायला हवी, पूर्वीचीच मात्रा, १० मि.ग्रॅ., काहीतरी खाऊन. आठ महिने रोज १० मि.ग्रॅ. बाहेरून मिळत असलं की मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल (शरीराचं नैसर्गिक स्टेरॉइड) बनवणं जवळपास सोडून देतात. बाहेरचा पुरवठा एकदम तोडला तर त्या दोन-तीन दिवसांत जाग्या होत नाहीत, त्यांना आठवडे, कधी महिने लागतात. गळून जाणं, मळमळ, उभं राहिल्यावर गरगरणं, बीपी खाली, ही सगळी त्याचीच लक्षणं. अकराव्या आठवड्यात मळमळ तशीही असते, त्यामुळे घरच्यांची गल्लत होणं साहजिक आहे. पण तीन दिवसांपूर्वी गोळी तुटली आणि आज बाई अंथरुणावर आहे, हा योगायोग समजू नका.

बसवून आणि मग उभं करून बीपी घ्या, बोटावरची साखर बघा. गोळी पोटात टिकत नसेल, वरचं बीपी ९० च्या खाली असेल किंवा बाई झोपाळल्यासारखी वाटत असेल तर घरी गोळी देऊन वाट बघू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात हायड्रोकॉर्टिसोन १०० मि.ग्रॅ. शिरेतून किंवा स्नायूत, नॉर्मल सलाईन चालू, आणि १०८ ने पुढे. हे इंजेक्शन द्यायला रक्ताच्या अहवालाची वाट बघायची नसते.

आता बाळाचं. सगळी स्टेरॉइडं सारखी नसतात, हे घरच्यांना समजलं की निम्मं काम झालं. वारेत एक विकर (एन्झाइम) असतं, ११-बीटा-एचएसडी-२. ते प्रेडनिसोलोनचं निष्क्रिय प्रेडनिसोनमध्ये रूपांतर करतं. त्यामुळे आईच्या रक्तात जेवढं असतं त्याच्या साधारण एक दशांश किंवा त्याहून कमी बाळापर्यंत पोचतं. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन मात्र या विकराला फारसे दाद देत नाहीत, ते जवळजवळ तसेच पलीकडे जातात. म्हणून आईच्या सांध्यांसाठी प्रेडनिसोलोन, आणि बाळाच्याच फुफ्फुसांसाठी औषध पोचवायचं असेल तेव्हा डेक्सा किंवा बीटा. सासूबाईंना सांगताना मी असं सांगेन: वार म्हणजे गाळणी आहे, आणि ही गोळी त्या गाळणीत अडकणारी म्हणूनच निवडलेली आहे.

टाळू-ओठ फाटण्याची भीती इंटरनेटवर सगळीकडे दिसते. जुन्या अभ्यासांत सुरुवातीच्या तीन महिन्यांत स्टेरॉइड घेतलेल्यांत हा धोका सुमारे तिप्पट दिसला होता. मुळात तो हजारात एक-दीड बाळाला असतो, म्हणजे तिप्पट धरला तरी हजारातली ९९५ च्या वर बाळं त्यातून बाहेरच. पुढे २०११ मध्ये डेन्मार्कमधल्या आठ लाखांहून जास्त जन्मांच्या अभ्यासात वाढ दिसलीच नाही. शिवाय टाळू मिटण्याचं काम साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत संपतं. तुमच्या बाईला ११ पूर्ण झाले आहेत. आज गोळी बंद ठेवून त्या बाबतीत फारसं काही वाचणार नाही, आणि बाईची तब्येत मात्र जाईल.

उलट बाजूही घरच्यांपुढे ठेवा. वात भडकलेला राहिला तर बाळ कमी वजनाचं होणं, दिवस भरण्याआधी होणं हे वाढतं. औषध म्हणजे धोका आणि औषध नाही म्हणजे सुरक्षित, असा हिशोब या आजारात लागत नाही.

मात्रेबद्दल: दिवसाला १० पर्यंत ही बहुतेक तज्ज्ञांना चालणारी मर्यादा, ५ ते ७.५ वर भागलं तर उत्तम. २० च्या आसपास किंवा वर रेंगाळलं की मधुमेह, बीपी, पाणमोट लवकर फुटणं, जंतुसंसर्ग हे सगळं वाढतं. मग स्टेरॉइड वाढवत बसण्यापेक्षा गरोदरपणात चालणारं दुसरं औषध जोडायचं. तिच्या बाबतीत सल्फासॅलाझिन जोडता येईल, दिवसाला २ ग्रॅमपर्यंत, सोबत फॉलिक ५ मि.ग्रॅ. संपूर्ण काळ. त्यानेही भागलं नाही तर टीएनएफ (सांध्यांची सूज वाढवणारं प्रथिन) रोखणारी इंजेक्शनं आहेत. त्यातलं सर्टोलिझुमॅब वारेपलीकडे जवळजवळ जातच नाही, पण खर्च मोठा. एकच सांधा, समजा गुडघा, हट्टाला पेटला असेल तर त्या सांध्यात एक इंजेक्शन देऊन पोटातली मात्रा न वाढवता वेळ मारून नेता येते.

कमी करायचं ते सांधे शांत झाल्यावर, आणि सावकाश. १० वरून ७.५, दोन ते चार आठवडे थांबून सूज बघायची, मग ५. पाचाच्या खाली गरोदरपणात घाई करू नये. ईएसआर आणि सीआरपी या रक्तातून सूज मोजणाऱ्या तपासण्या. इथे ईएसआर बघून ठरवू नका, गरोदरपणात तो असाच वर जातो. सीआरपी जास्त उपयोगी. आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे सकाळची आखड किती वेळ टिकते आणि किती सांधे सुजलेत, हे वहीत लिहिणं. ते तुम्ही उपकेंद्रावर करू शकता.

दोन बारीक गोष्टी. रात्रीची ५ ची गोळी झोप उडवते. सकाळी आठच्या सुमारास न्याहारीबरोबर १० एकदम द्यायला तज्ज्ञांना विचारा. दुसरं, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. ५२ किलोला किलोमागे ५ मि.ग्रॅ. धरलं तर दिवसाला २६० होतात, ती ४०० घेते आहे. लांब पल्ल्यात डोळ्याच्या पडद्याला हे जास्त आहे. आठवड्यात पाच दिवस २०० आणि दोन दिवस ४०० केलं तर रोजची सरासरी २५७ पडते. यात घाई काही नाही, पुढच्या भेटीत विचारायचं. पण बंद नाही करायचं, हे औषध गरोदरपणात चालतं आणि वात धरून ठेवतं.

रक्ताची एक तपासणी राहिली असेल तर या महिन्यात करून घ्या: अँटी-रो आणि अँटी-ला ही प्रतिपिंडं (अँटीबॉडी). तोंड-डोळे कोरडे पडणाऱ्या आमवाताच्या बायकांत ही निघतात. रो असेल तर शंभरातल्या साधारण दोन बाळांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून सोळा-अठरा आठवड्यांपासून सव्वीसपर्यंत बाळाचा इको (हृदयाची सोनोग्राफी) वारंवार करावा लागतो. तिथेही हायड्रॉक्सिक्लोरोक्विन उपयोगी ठरतं.

(जाता जाता एक. गरोदरपणात आमवात बऱ्याचदा आपोआप निवळतो हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी टिपलं होतं. शरीरात असं काय वाढतं याचा माग काढता काढता १९४८ मध्ये आमवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं गेलं आणि १९५० चं नोबेल आलं. म्हणजे ज्या गटातल्या औषधांची गरोदरपणात भीती वाटते, त्यांचा आमवातातला उपयोग काही अंशी गरोदर बायकांच्या सांध्यांकडे बघूनच सापडला.)

---

औषधपेढी

डिफ्लाझाकॉर्टच्या प्रश्नाला मी उत्तर देतो, रोजचा हाच व्यवहार आहे.

'तेच आहे' हे अर्धसत्य. ताकदीच्या हिशोबात डिफ्लाझाकॉर्ट ६ म्हणजे प्रेडनिसोलोन ५. मिथाइलप्रेडनिसोलोन ४ म्हणजेही तेवढंच. म्हणून महिनाभर घेतलं त्याने आकडा चुकला नाही. पण गरोदर बायकांतला अनुभव प्रेडनिसोलोनचा भरपूर आणि डिफ्लाझाकॉर्टचा अगदी तुटपुंजा. पर्याय सहज मिळत असताना कमी माहितीचं औषध का घ्यायचं? अर्धी पट्टी परत करा किंवा बाजूला काढा. घरात दोन स्टेरॉइडं ठेवली की एखाद्या दिवशी दोन्ही घेतली जातात, किंवा एकही नाही.

खरी काळजी मला वेगळ्याच गोष्टीची आहे. सांधे दुखताहेत म्हटल्यावर घरात कोणीतरी बीटामेथासोनची किंवा डेक्सामेथासोनची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी आणून देतं. ती गोळी एवढीशी, म्हणून हलकी वाटते. हिशोब बघा: बीटामेथासोन अर्धा मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोन चारच्या आसपास, डेक्सामेथासोन अर्धा म्हणजे तीन-सव्वातीन. दिवसाला दोन-तीन घेतल्या की वर सांगितलेली १० ची मर्यादा गाठली, आणि ही औषधं गाळणीत अडकणारी नाहीत. वातावरच्या बिननावाच्या पुड्यांतही हेच मिसळलेलं सापडतं. दोन दिवसांत चमत्कार झाल्यासारखे सांधे मोकळे झाले, भूक वाढली, चेहरा गोल झाला, तर पुडीत झाडपाला नाही एवढं समजावं. ताई, पुढच्या घरभेटीत औषधांचा डबा उघडून एकेक पट्टी हातात घेऊन बघा. तोंडी विचारलं तर पुडीचं कोणी सांगत नाही, कारण ती त्यांच्या लेखी 'औषध' नसतेच.

गोळ्यांबद्दल: ५ आणि १० ची गोळी कुठेही मिळते. २.५ ची आधी सांगून मागवावी लागते, नाही तर ५ ची मधल्या रेघेवर मोडायची. मोडलेली अर्धी पावसाळ्यात उघडी ठेवू नका, आपल्याकडच्या दमट हवेत दोन दिवसांत तिचा भुगा होतो. पट्टीतच राहू द्या, वर चिकटपट्टी. ती अर्धी दुसऱ्या दिवशीच संपवायची.

घाट बंद पडतात, गाड्या रखडतात, पूल पाण्याखाली जातात. तेव्हा जून ते सप्टेंबर किमान महिनाभराचा साठा घरात आणि त्यातल्या १४ दिवसांच्या गोळ्या वेगळ्या डबीत, हात न लावण्याच्या. साठा संपला म्हणून स्टेरॉइड तुटणं, हे घरच्यांनी बंद करण्याइतकंच वाईट. चिठ्ठीवर तारीख आणि महिने लिहून घ्या, म्हणजे दुकानदाराला देताना अडचण येत नाही.

दुखण्यावर पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५०. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, एटोरिकॉक्सिब, कॉम्बिनेशनच्या लाल-पिवळ्या गोळ्या नकोत. विसाव्या आठवड्यानंतर तर या गटातली औषधं बाळाचं मूत्रपिंड मंदावतात आणि गर्भजल कमी करतात, शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची वाहिनी अवेळी मिटू शकते. स्टेरॉइडबरोबर घेतली तर आईच्या पोटात व्रण व्हायची शक्यताही वाढते.

लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र देऊ नका, किमान दोन तासांचं अंतर.

---

प्रसूतीकक्ष

वरच्या दोघांनी औषधाचं नीट सांगितलं आहे. माझ्याकडून प्रसूतीच्या बाजूचं.

साखर. सरकारी पद्धतीप्रमाणे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी, पहिल्या भेटीत आणि २४ ते २८ आठवड्यांत, १४० किंवा वर म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. स्टेरॉइड घेणाऱ्या बाईला एवढ्यावर थांबू नका. सकाळी घेतलेलं प्रेडनिसोलोन दुपारनंतर साखर चढवतं आणि पहाटेपर्यंत ती उतरते. म्हणून उपाशीपोटीची साखर ८५ येते, सगळे खूश, आणि दुपारच्या भातानंतरची १७० कोणी मोजलेलीच नसते. १६ आठवड्यांपासून पंधरवड्यातून एकदा दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी बोटावरची साखर घ्या. १२० च्या आत हवी. मात्रा वाढवली तर त्या आठवड्यात दोन-तीनदा.

आहारात भात बंद करायला सांगू नका, कोकणात तो सल्ला कोणी पाळत नाही. दुपारी भाताची मूद एक, वर डाळ किंवा कुळथाची पिठी, माशाचे तुकडे दोन, भाजी. रात्री नाचणीची भाकरी. पेजेत साखर-गूळ नको. घरात आता हापूसचे शेवटचे आंबे असतील, एका वेळी अर्धा फळ चालेल, आमरसाची वाटी नको. सुका बांगडा, खारवलेली मासळी, लोणचं हे मिठासाठी कमी करा, कारण पुढचा मुद्दा बीपीचा आहे. ताजी तारली काट्यासकट खाल्ली तर कॅल्शियम उत्तम मिळतं.

बीपी दर भेटीला, आणि २० आठवड्यांनंतर दर पंधरा दिवसांनी, सोबत लघवीतलं प्रोटीन. १४०/९० एकदा दिसलं तर चार तासांनी पुन्हा घ्या. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, वरच्या पोटात दुखणं, चेहऱ्यावर सूज, यातलं काही असेल तर पुन्हा बघत बसू नका, लगेच पाठवा. पहिलटकरीण, वर आमवात आणि स्टेरॉइड, म्हणून १२ आठवडे पूर्ण झाले की रात्री ॲस्पिरिन ७५ ते १५० सुरू करायचं का, हे या ९ तारखेलाच विचारून घ्या. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात त्या दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञ बघतात. उशिरा सुरू केलेल्या ॲस्पिरिनचा फायदा कमी होत जातो.

कॅल्शियम १४ आठवड्यांपासून, ५०० ची दोन वेळा, व्हिटॅमिन डी सह. हे सगळ्यांनाच असतं, पण स्टेरॉइड हाडं पोखरतं म्हणून हिची एकही गोळी चुकू देऊ नका. बाळाची वाढ बघायला २८, ३२ आणि ३६ आठवड्यांना सोनोग्राफी ठरवून ठेवा.

उलटीचा नियम घरी तोंडपाठ करून द्या: गोळी घेतल्यापासून अर्ध्या तासात उलटी झाली तर गोळी पुन्हा घ्यायची. तीही पडली तर दवाखाना गाठायचा, दुसऱ्या दिवसाची वाट नाही.

बाळंतपणाचा दिवस. इथे सगळ्यात जास्त विसरलं जातं, कारण लेबर रूमच्या कागदावर 'आर्थ्रायटिस' एवढंच लिहिलेलं असतं, स्टेरॉइड कोणी लिहीत नाही. तीन आठवड्यांहून जास्त काळ रोज ५ किंवा जास्त प्रेडनिसोलोन घेणाऱ्या बाईच्या ग्रंथी कळांच्या ताणाला पुरं पडतीलच असं नाही. ब्रिटिश पद्धतीत कळा लागल्यापासून हायड्रोकॉर्टिसोन ५० मि.ग्रॅ. दर सहा तासांनी, बाळ झाल्यानंतर सहा तासांपर्यंत. अमेरिकन संधिवात मंडळ कमी मात्रेवर असलेल्या बाईला नैसर्गिक प्रसूतीत रोजची गोळी चालू ठेवून जादा डोस देऊ नका म्हणतं, सिझेरियनला मात्र द्या म्हणतं. माझा कल पहिल्याकडे, कारण एक-दोन दिवसांच्या जादा हायड्रोकॉर्टिसोनने नुकसान नगण्य आणि ग्रंथींनी दगा दिला तर कळांच्या धामधुमीत ओळखायला वेळ जातो. सिझेरियन ठरलं आणि आधी काही दिलेलं नसेल तर भूल देताना १००, दिलेलं असेल तर ५०. रोजची गोळी कोणत्याही पद्धतीत चुकवायची नाही.

भूलतज्ज्ञांना आधी भेटवा, निदान ३४ आठवड्यांच्या आत. जुन्या आमवातात मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात, नळी घालताना मान मागे वाकवली तर धोका. मान दुखते का, मान वाकवली की हाताला मुंग्या येतात का, जबडा पूर्ण उघडतो का, एवढं तुम्हीही विचारून लिहून ठेवू शकता. खुबे आखडलेले असतील तर प्रसूतीच्या टेबलावर पाय किती फाकतात तेही.

आणि ३४ आठवड्यांच्या आत कळा लागल्या तर बाळाच्या फुफ्फुसांचं इंजेक्शन द्यायचंच, डेक्सामेथासोन ६ मि.ग्रॅ. दर बारा तासांनी चार वेळा. "ती आधीच स्टेरॉइडवर आहे, परत कशाला" असं म्हणून ते टाळू नका. प्रेडनिसोलोन वारेत अडलं होतं, बाळाच्या फुफ्फुसांपर्यंत ते फारसं गेलेलंच नाही. त्यानंतर काही दिवस आईची साखर जोरात चढते, तेवढी मोजा.

---

तेरेखोल_काठ

मनापासून आभार. काल संध्याकाळी परत गेले. गोळी टिकली, आज सकाळचं बीपी १०४/६८, उभं केल्यावर १००. डबा उघडला. पुडी नव्हती, पण डायक्लोफेनॅकची पट्टी निघाली, ती काढून घेतली. गाळणीचं सासूबाईंना पटलं.

अजून दोन प्रश्न. जुलैत लावणी, घरात माणसं कमी, ती चिखलात उतरेलच अशी भीती आहे. आमच्याकडे लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, चिखल-पाण्यातून होणारा ताप) त्रास, आणि शेतात जाणाऱ्यांना डॉक्सीसायक्लिन वाटतो. तिला काय? आणि दुसरं, बाळंतपणानंतर दूध पाजताना ही गोळी चालते का?

---

वातविकार_ओपीडी

बीपी वर आलं, बरं वाटलं. आठवडाभर रोज एकदा बघा.

लावणीला तिला पाठवू नका, हे अगदी ठामपणे सांगा. कारण तिच्यासाठी डॉक्सीसायक्लिन नाही, गरोदरपणात ते बाळाच्या दातांना आणि हाडांना बाधतं. म्हणजे बाकीच्यांना जे कवच मिळतं ते तिला मिळत नाही, आणि स्टेरॉइडमुळे प्रतिकार कमी. अंगणात, गोठ्यात जायचं तर गमबूट, आणि पायाला चीर किंवा चिखल्या असतील तर तेही नको. गोठा धुण्याचं काम दुसऱ्याकडे.

ताप आला तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्टेरॉइडवर ताप फणफणत नाही, ९९.५ वरच रेंगाळतो. पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं, लघवी कमी होणं यातलं काही सोबत असलं तर आकड्याकडे न बघता त्याच दिवशी रक्त तपासणी आणि डॉक्टर. लेप्टोवर गरोदरपणात पेनिसिलिन गटातली औषधं चालतात, त्यामुळे उपचार अडत नाही, उशीर मात्र नडतो. दोडामार्गच्या बाजूला माहेर असेल तर जानेवारी ते मे या काळात माकडतापही डोक्यात ठेवा, आणि जंगलात लाकडं-पातेरा गोळा करायला जाणं बंद.

दुसरी गोष्ट, आजारपणात गोळी कधीच कमी करायची नाही. ती १० वर असेल तर तीच मात्रा ५ आणि ५ अशी सकाळ-संध्याकाळ विभागून द्या. तोवर ५ वर उतरलेली असेल तर ताप असेपर्यंत ५ दोन वेळा, ताप गेला की परत ५.

दूध पाजायला प्रेडनिसोलोन चालतं. आईच्या डोसच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी दुधात उतरतं. रोज २० पर्यंत वेळेचं काही पाळायला नको, त्याहून जास्त असेल तर गोळीनंतर चार तास सोडून पाजायचं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि दिवस भरलेल्या निरोगी बाळाला सल्फासॅलाझिनही चालतं. मेथोट्रेक्सेट पाजत असेपर्यंत नाही. बाळाच्या जन्माच्या लसी, बीसीजी धरून, आईच्या या मात्रेमुळे पुढे ढकलायच्या नाहीत. आईला शेवटच्या महिन्यांत टीएनएफची इंजेक्शनं द्यावी लागली असतील तर मात्र बीसीजीचं आधी विचारा.

गरोदरपणात निम्म्याहून थोड्या जास्त बायकांचा वात निवळतो, आणि बाळंतपणानंतर पहिल्या तीन महिन्यांत दहापैकी चार-पाच जणींचा परत उसळतो. तिचं बाळंतपण डिसेंबरच्या मध्याला येतं, म्हणजे मार्चपर्यंतचा काळ जोखमीचा. ॲपॉइंटमेंट आत्ताच जानेवारीची घेऊन ठेवा, दुखायला लागल्यावर नाही. 'आता बाळ झालं, गोळी कशाला' म्हणून घरचे परत बंद करतील, ते आधीच बोलून घ्या. सुजलेल्या मनगटावर मालीश करणाऱ्या बाईने जोर लावू नये, तेल नुसतं फिरवावं. बाळाला घेताना मनगट वाकवून उचलण्यापेक्षा हाताच्या कोपरापासूनच्या भागावर तोलायचं, आणि रात्री कुशीवर झोपून पाजायचं. मनगटाची स्प्लिंट (आधारपट्टी) आठव्या महिन्यातच बनवून घ्या.

---

प्रसूतीकक्ष

एवढं सगळं कोणाच्या लक्षात राहणार नाही, म्हणून तिच्या माता-बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्या पानावर लाल शाईने हे लिहा आणि नवऱ्याच्या मोबाइलमध्ये फोटो ठेवा:

'आमवात. रोज प्रेडनिसोलोन १० मि.ग्रॅ., आठ महिन्यांहून जास्त. अचानक बंद करू नये. उलट्या, बेशुद्धी, बीपी कमी: हायड्रोकॉर्टिसोन १०० मि.ग्रॅ. तातडीने. कळा लागल्यावर ५० मि.ग्रॅ. दर ६ तासांनी, सिझेरियनला भूल देताना १००. डायक्लोफेनॅक देऊ नये. मानेची तपासणी झाल्याशिवाय मान मागे वाकवू नये.'

मात्रा बदलली की आकडा खोडून शेजारी नवा आकडा आणि तारीख. जुना पूर्ण गिरवू नका, आधी किती होतं ते लेबर रूममध्ये वाचता यायला हवं.